नमुन्याची चिठ्ठी

दार उघडायला बाईंना पाच मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ घंटा वाजवणारं माणूस बाहेर टिकून राहिलं याचंच त्यांना आधी नवल वाटलं. टपालवाला दोन मिनिटांत पाकीट फटीतून सरकवून पळतो, मीटर बघणारा तर तेवढाही थांबत नाही. बाहेर पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी उभी होती. पाठीला दप्तर, जाकिटाच्या टोपीची नाडी तोंडात. बाईंना बघून तिनं नाडी सोडली, श्वास घेतला आणि एका दमात म्हणाली, "आजी, मी इथूनच चालले होते. अर्धा तास मोकळा आहे. तुमचं काही काम असेल तर करून देते."

बाईंनी दाराची चौकट धरली. ते वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, शब्दन् शब्द. बावीस वर्षं त्यांनी चर्चच्या मागच्या खोलीत धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला होता, दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करण्याच्या विधीच्या, वर्षातल्या मुलामुलींचा. बिशप येऊन कपाळाला तेल लावण्याआधी प्रत्येकानं एका एकट्यादुकट्या माणसाच्या घरी सहा वेळा जायचं, पडेल ते काम करायचं आणि वहीत लिहायचं, हा उपक्रम बाईंनीच काढलेला. पहिल्या वर्षी मुलं दारात जाऊन 'आम्ही तुमची सेवा करायला आलो आहोत' असं म्हणाली, आणि एका निवृत्त पोस्टमास्तरांनी 'मी अजून गेलेलो नाही' असं सांगून दार लावून घेतलं. मग बाईंनी दोन रविवार खर्ची घालून हे वाक्य बसवलं. त्यात सेवा नाही, मदत नाही, प्रभूचं नावही नाही. 'इथूनच चालले होते' म्हणजे आपण कुणाच्या यादीत आहोत असं समोरच्याला वाटू नये. 'अर्धा तास' म्हणजे हे कार्टं कधीतरी जाणार याची हमी. 'करून देते' म्हणजे काम तुमचं, हात फक्त माझे. एका चुणचुणीत पोरानं विचारलं होतं की बाई, हे खोटं बोलणं नाही का. घरून तिथवर चालतच गेलास ना, मग चालला होतास हे खरंच की, असं म्हणून बाईंनी त्याला गप्प केलं होतं. वाक्यात 'आजी' मात्र नव्हतं. ते या मुलीनं पदरचं घातलं होतं, आणि लग्न न केलेल्या, अडुसष्ट वर्षांच्या बाईंना ते चांगलंच झोंबलं.

म्हणजे आपण यादीत आहोत, असं बाईंच्या मनात आलं. आता आपल्याला राग येणार म्हणून त्या वाट बघत राहिल्या, पण राग आलाच नाही. आलं ते कुतूहल, आणि तेही अगदी लहान मुलाला यावं तसं, पोटातून. कुणी घातलं असेल आपलं नाव? आणि काय बघून? ही मुलगी आपल्याला ओळखत नाही हे उघड होतं. बाईंनी वर्ग सोडला त्याला सहा वर्षं झाली होती, तेव्हा ही दहा वर्षांची असेल. त्यांनी तिला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः भिंतीच्या आधारानं समोरच्या उंच स्टुलावर टेकल्या. मुलीनं खोली बघितली, खिडकीतल्या कुंड्या बघितल्या, बाईंच्या पायांतले कापडी बूट बघितले आणि विचारलं की काय करू. घरात खरं म्हटलं तर एकच काम होतं, आणि ते त्या कुणालाही सांगणार नव्हत्या.

ते काम म्हणजे पायाची नखं. चौदा महिन्यांपूर्वी न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून घसरून बाईंच्या खुब्याचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी बसली, आणि तेव्हापासून त्यांना गुडघ्याच्या खाली वाकता येत नव्हतं. धाकटी बहीण तीन महिने येऊन राहिली, तिनं सगळं केलं, नखंसुद्धा कापली, आणि जाताना सांगून गेली की आमच्याकडची मागची खोली तुझ्यासाठीच ठेवली आहे, जमेना झालं की सांग. ही मागची खोली बाईंनी पाहिली होती. तिची खिडकी जिन्यात उघडायची. बहीण गेल्यावर बाईंनी लांब कात्रीनं एकदा प्रयत्न केला, करंगळीचं कातडं कापलं, आणि कात्री ठेवून दिली. आता अकरा महिने झाले होते. उजव्या अंगठ्याचं नख वळून मांसात शिरलं होतं, उघडा पाय फरशीला टेकवत नव्हता, म्हणून घरातही एक माप मोठे कापडी बूट. आधी बाजार सुटला, मग बस, मग चर्च. फोनवर त्यांनी नव्या फादरांना सांगून टाकलं की आता रविवारची मिस्सा घराजवळच्या चॅपेलात ऐकते. आता खालच्या औषधांच्या दुकानापर्यंत जाणं उरलं होतं, तेही दोन दिवसांआड. तेवढं थांबलं की मागची खोली, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. डॉक्टरांना दाखवणं काही कठीण नव्हतं. पण रक्तदाब बघायला आलेल्या डॉक्टरांना बाईंनी बूट घालूनच हात पुढे केला होता, आणि चालणं कसं आहे या प्रश्नावर झकास असं उत्तर दिलं होतं. आयुष्यभर ज्यांनी नाकावर माशी बसू दिली नाही त्यांनी आता पाय उघडे करून कुणाच्या पुढ्यात धरायचे, हे बाईंना जमण्यातलं नव्हतं.

तेव्हा त्यांनी मुलीला कपाटावरची लाकडी पेटी काढायला सांगितली. तिच्यात नकाशे काढायच्या लेखण्या होत्या. पस्तीस वर्षं बाई भूमापन कार्यालयात नकाशे काढत होत्या, आणि शहरातली अशी एक गल्ली नव्हती जी त्यांच्या हातून कागदावर उतरली नव्हती. वर्गातली पोरं पाठीमागे त्यांना नकाशाबाई म्हणत, कारण प्रत्येक मुलाला घर नेमून देताना बाई चिठ्ठीच्या पाठीवर तिथं जायची वाट काढून देत, वळणावरच्या झाडासकट. मुलगी लेखण्या धूत बसली. त्या स्वच्छच होत्या. ती मन लावून धूत होती आणि बाई तिच्याकडे बघत होत्या, आणि बघता बघता त्यांना तो शिंपी आठवला. फार जुनी गोष्ट. एका मुलाला बाईंनी एका म्हाताऱ्या शिंप्याकडे पाठवलं होतं. मुलगा दर वेळी खुशीत परत यायचा, आज आठ बटणं लावली, आज बारा लावली. बाई एकदा सहज डोकावल्या, तर मुलगा यायच्या आधी शिंपी एका सदऱ्याची धडधाकट बटणं ब्लेडनं कापून बशीत ठेवत होता. बाईंना बघून तो जरासा ओशाळला आणि म्हणाला की पोरगं लांबून येतं हो, रिकाम्या हातानं कसं पाठवायचं. तेव्हा बाईंना हसू आलं होतं, वर्गात सांगायला किस्सा मिळाला म्हणून आनंदही झाला होता. पण त्या शिंप्याला खरोखर कशाची गरज होती, हे त्यांनी विचारलं नव्हतं. आज त्यांना ते जाणून घ्यावंसं वाटलं, आणि शिंपी जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

मुलगी गेल्यावर बाई संशयितांची यादी करत बसल्या. मन रमलं होतं हे त्यांना कबूल करावं लागलं, कितीतरी महिन्यांत असं रमलं नव्हतं. चर्चच्या दारात एक पेटी असते. ज्याला कुणी एकटं, अडलेलं माणूस ठाऊक असेल त्यानं नाव, पत्ता आणि अडचण लिहून चिठ्ठी टाकायची, खाली सही करायची नाही. चिठ्ठी कुणी टाकली हे शोधायचं नाही, आणि ज्याच्यासाठी टाकली त्याला कळू द्यायचं नाही, हे दोन्ही नियम बाईंचेच. आता पहिला नियम मोडायला त्या टपून बसल्या होत्या. औषधांच्या दुकानदारावर त्यांचा पहिला संशय. तो नेहमी त्यांना पायरी चढताना बघतो, आणि मागच्या महिन्यात त्यानं न मागता खुर्ची पुढे केली होती. पण तो काही चर्चला जाणारा नव्हे. वरच्या मजल्यावरची परिचारिका? ती जिन्यात भेटली की बाईंच्या चेहऱ्याकडे बघते, पायांकडे नाही. मग वर्ग घेणाऱ्या नव्या बाई. त्यांना नव्या म्हणायचं ते सहा वर्षांच्या सवयीनं. त्या वर्षाला एक फोन करतात, तब्येत विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत म्हणतात की तुमचा आवाज किती ठणठणीत आहे. रविवारी बहिणीचा फोन आला तेव्हा बाईंनी आडून आडून विचारलं की तू आमच्या फादरांशी काही बोललीस का. बहीण म्हणाली की तुमच्या फादरांचं मला नावही माहीत नाही, आणि पाय कसा आहे. पाय कुठला, खुबा म्हण, बाई म्हणाल्या, झकास आहे. फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की नुसतं कुतूहल नाही, त्याच्या तळाशी आणखी काहीतरी आहे. कुणीतरी, कुठूनतरी, आपल्याला बघितलं आहे. जिन्यावर एक पाय आडवा टाकून उतरताना, कठड्यावर हात दाबताना बघितलं, घरी जाऊन दोन ओळी लिहिल्या, आणि आपल्याला न कळू देता त्या पेटीत टाकल्या. अशा माणसाचा राग येईना. उलट त्याला एकदा बघावं, त्याच्यासोबत कपभर चहा घ्यावा, असंच वाटत राहिलं.

दुसऱ्या भेटीला मुलगी आली तेव्हा बाईंनी दाराजवळच स्टूल नेऊन ठेवलं होतं, तरी उठून कडी काढायला वेळ लागलाच. या वेळी त्यांनी तिला जुन्या नकाशांच्या सुरनळ्या पुसायला दिल्या. मुलगी बडबडी होती, आणि तिचे प्रश्न सरळ येऊन आदळत. तुम्ही लग्न का नाही केलं, तुम्हाला भीती वाटते का एकटं राहायला, या नदीचा रंग निळा का, ती तर राखाडी आहे. बाईंना ती आवडू लागली. नदी निळी असते असं कार्यालयाचं म्हणणं होतं, माझं नाही, असं त्या म्हणाल्या तेव्हा मुलगी खळखळून हसली. मग तिनं फडकं खाली ठेवलं.

"आजी, एक विचारू? तुमच्याकडे खरंच काही काम नाहीये ना?"

"नकाशे पुसतेस ते काम नाही का?"

"यांच्यावर धूळच नाहीये," मुलगी म्हणाली.

बाईंनी विषय बदलला, वर्गात काय शिकवतात ते विचारलं. मुलीनं सांगितलं की गेल्या रविवारी प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तो धडा झाला, आणि मिसनी सगळ्यांना एकमेकांचे पाय धुवायला लावले, फार घाण वाटलं. बाई जरा हबकल्याच, कारण हाही त्यांचाच प्रयोग. एक बादली, एक मग, एक टॉवेल. दर वर्षी त्यात एकच गंमत व्हायची. पाण्याचा मग हातात घ्यायला सगळ्या पोरांची झुंबड, आणि मोजे काढून खुर्चीवर बसायला एकही तयार नाही. एकाच्या मोज्याला भोक, एकीचं बोट वाकडं, एकाला गुदगुल्या होतात. धुणं किती सोपं आहे बघा, धुवून घेणं अवघड, असं त्या पोरांना सांगत आणि एखाद्याला दंडाला धरून खुर्चीवर बसवत. बावीस वर्षांत ते वाक्य त्यांनी बावीस वेळा म्हटलं होतं. स्वतः त्या खुर्चीवर त्या एकदाही बसल्या नव्हत्या. बादली कुणी धरायची, टॉवेल कुणी पिळायचा, हे बघायलाही कुणीतरी लागतं ना, असं तेव्हा त्यांनी मनाशी म्हटलं असणार. आता मुलगी समोर बसून त्या धड्याला नाक मुरडत होती, आणि बुटातला अंगठा ठसठसत होता. बाईंना वाटलं, सांगून टाकावं. तोंडापर्यंत शब्द आले. मग त्यांना त्या अंगठ्याचा रंग आठवला, पिवळट, कडेनं काळा, आणि त्यांनी मुलीला बिस्किटं दिली.

तिसऱ्या भेटीला मुलगी वही घेऊन आली. या वही-प्रकाराबद्दल बाई फार हळव्या होत्या. तिच्यात दोनच प्रश्न असत. काय केलं, याला एक ओळ. काय दिसलं, याला हवी तेवढी जागा. दुसरा प्रश्न हाच खरा, असं त्या पोरांना बजावत. घर नीट बघून आलात तर काम आपोआप कळतं. या मुलीला आपल्या घरात काय दिसलं हे वाचायची त्यांना इतकी उत्सुकता होती की वही टेबलावर आली तशी त्यांची नजर तिथून हलेना. मुलीला पेन सापडत नव्हतं. ती दप्तर उपसत असताना वहीचं पहिलं पान उघडं पडलं. त्यावर वरच्या कोपऱ्यात टाचणीनं एक चिठ्ठी लावली होती.

बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. अक्षर सरळ, उभं, एकसारख्या अंतरावर, नकाशावर गावांची नावं लिहितात तसं. वर बाईंचं नाव, पत्ता. खाली लिहिलं होतं: 'एकटी राहते. चालायला त्रास होतो. पण विचारल्याशिवाय सांगणार नाही, आणि विचारलं तरी लगेच सांगणार नाही. दार उघडायला वेळ लागेल, थांबावं.' शाई निळी-काळी, कडांना तपकिरी झालेली. हे अक्षर शहरात एकाच माणसाचं होतं. चिठ्ठी उलटून बघितली तर पाठीवर चर्चपासून या घरापर्यंतची वाट, आणि वळणावर एक झाड, जे कापून दहा वर्षं झाली होती.

आठवायला वेळ लागला नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची गोष्ट असेल. लोक पेटीत नुसतं नाव लिहून टाकायचे, अडचण लिहायचेच नाहीत. मग चिठ्ठी कशी लिहावी हे दाखवायला बाईंनी एक नमुना तयार केला होता. दुसऱ्या कुणाचं नाव घालणं बरं नव्हे, म्हणून स्वतःचं घातलं. तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या आत होत्या, तीन जिने न थांबता चढत, आणि ते 'विचारलं तरी लगेच सांगणार नाही' लिहिताना त्यांना स्वतःच्या विनोदाचं फार कौतुक वाटलं होतं. वर्गालाही हसू आलं होतं. चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात घालून पाकिटावर त्यांनी ठळक अक्षरात 'नमुना' असं लिहिलं होतं. पाकीट केव्हातरी फाटलं असणार, कुणीतरी बदललं असणार. यंदा नव्या बाई दोन महिने आजारी होत्या, चिठ्ठ्या फादरांनी वाटल्या, हे मुलीकडून कळलं. फादर नवे. फाइल उघडली असेल, आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत सुवाच्य, ही.

बाईंना आधी हसू फुटलं, इतकं की स्टुलावरून तोल जातो की काय असं झालं. मुलगीही काही न कळता हसली. मग हसू थांबलं आणि त्या जागी जे आलं त्याला त्या तयार नव्हत्या. म्हणजे कुणी बघितलंच नव्हतं. दुकानदारानं नाही, परिचारिकेनं नाही, कुणीच नाही. चौदा महिने त्या जिन्यावर आडवा पाय टाकत उतरत होत्या, आणि या एवढ्या शहरात ज्या एका माणसानं त्यांच्यासाठी दोन ओळी लिहिल्या ते माणूस म्हणजे त्या स्वतः, तेही सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी, गमतीनं. तीन आठवडे मनात ज्याच्यासाठी त्या चहा टाकत होत्या त्याची खुर्ची रिकामीच होती. बाईंना रडू आलं नाही, पण तोंड कडू झालं. कुणाला कळू नये म्हणून जिवाचं रान केलं, आणि कुणाला कळलं नाही याचंच वाईट वाटतं आहे, हा काय प्रकार आहे, असं त्यांनी स्वतःला दरडावून विचारलं.

त्यांनी मुलीला सगळं सांगितलं. आपण कोण, वर्ग कुणाचा, चिठ्ठी कशाची. मुलीचे डोळे मोठे झाले. आजी म्हटलं ते चुकलंच असं वाटून ती एकदम 'बाई' म्हणू लागली, आणि बाई, मग माझ्या दोन भेटी धरणार का, असं तिनं काळजीनं विचारलं. तिनं तिथूनच नव्या बाईंना फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. नव्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चार वेळा माफी मागितली. आमच्या बाईंच्या घरी सेवेला पोरगी पाठवली, लोक काय म्हणतील, असं म्हणाल्या, आणि बाईंचा आवाज ऐकून तो किती ठणठणीत आहे हेही म्हणाल्या. दोन भेटी धरू, त्यांनी मुलीला सांगितलं, पुढच्या चार दुसरीकडे. दोन गल्ल्या सोडून एक आजोबा इस्पितळातून परवाच घरी आले आहेत, तिथं आजपासूनच जा. बाई, चालेल ना? बाई म्हणाल्या, चालेल की. फोन बंद झाला आणि सगळा घोळ पाच मिनिटांत निस्तरला गेला.

मुलगी निघण्याआधी वही पुरी करायला बसली. इथलं पान बंद करायचं तर 'काय दिसलं' सगळं लिहून झालेलं हवं, ती म्हणाली, आणि मान तिरकी करून विचारलं, "वाचून दाखवू? तुम्ही मिस होतात म्हणजे तुम्हाला कळेल बरोबर आहे का ते."

बाईंनी मान हलवली. मुलगी वाचू लागली. घर फार स्वच्छ आहे. लेखण्या सत्तावीस आहेत. नदी निळी आहे ती कार्यालयामुळे. बाई विनोदी आहेत. "त्यांना कोणी घरी आलेलं आवडत नाही. म्हणून त्या मुद्दाम दार उशिरा उघडतात."

"हे चूक आहे," बाई म्हणाल्या.

शब्द तोंडून गेले तेव्हा त्यामागे धीर नव्हता की नम्रता नव्हती, एवढं बाईंनी नंतरही प्रामाणिकपणे कबूल केलं असतं. पस्तीस वर्षांची खोड होती ती. चुकीची नोंद नजरेला पडली की हात शिवशिवायचे. रस्ता एक आणि कागदावर दुसरा, हे त्यांना झोपू द्यायचं नाही. एकदा छपाईला गेलेला नकाशा त्यांनी एका पाणवठ्यासाठी परत मागवला होता. आणि आता त्यांच्या देखत, त्यांच्याच घराबद्दल, एका वहीत चूक लिहिलेली होती, आणि ती वही फादरांकडे जाणार होती.

"मग खरं काय आहे?" मुलीनं पेन सरसावलं.

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढत होतं, ते अडकत होतं. खरं काय, हे सांगायला एक वाक्य पुरे होतं. न सांगायलाही एक पुरे होतं. कान जरा कमी आहेत, घंटा ऐकू येत नाही. मुलीनं ते लिहिलं असतं, नीट, गोल अक्षरात, आणि दोन गल्ल्या पलीकडे निघून गेली असती. ते आजोबा तर खरे अडलेले. बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना वाटलं की आपण हेच म्हणणार. पण तेही चूकच झालं असतं, आणि या खेपेला ती चूक त्यांची असती.

"दार उघडायला वेळ लागतो, कारण मला चालता येत नाही," त्या म्हणाल्या. "पायाची नखं वाढलीत. अकरा महिने झाले. मला वाकून कापता येत नाहीत, आणि मी कुणाला सांगितलेलं नाही."

मुलगी लिहीत होती ती थांबली. तिनं बुटांकडे बघितलं. मग सरळ विचारलं, "दाखवा बरं?"

बाईंनी टाच टाचेवर दाबून उजवा बूट सोडवला. मोजा त्यांना काढता येत नव्हता, तो काठीच्या टोकानं ओढून काढायची त्यांची एक पद्धत होती, पण काठी आतल्या खोलीत राहिली होती. मुलगी खाली गुडघ्यांवर बसली आणि तिनं मोजा ओढला. तिचं तोंड वाकडं झालं ते तिनं लपवलं नाही. "ई, बाई," ती म्हणाली, "हे दुखत असेल." मग ती उठली. बाईंना वाटलं की ही आता जाणार, आणि त्यात काही गैर नाही, वर्गात त्या स्वतःच सांगत की नाही जमलं तर उठून या, ते पाप नव्हे. पण मुलगी स्वयंपाकघरात गेली, भांडी वाजली, नळ सुटला, आणि ती कोमट पाण्याचं पातेलं आणि एक टॉवेल घेऊन आली. नेलकटर कुठे आहे म्हणून तिनं विचारलं. पाणी गरम आहे का ते स्वतःच्या मनगटावर बघितलं. अंगठ्याला मी हात लावणार नाही, तो डॉक्टरांनाच दाखवायचा, तुम्ही नाही सांगितलं तर मी मिसना सांगेन, असं तिनं बजावलं, आणि बाकीची नऊ मात्र आता भिजवू म्हणाली. तिच्या बोलण्यात आता ते पाठ केलेलं वाक्य कुठेच नव्हतं.

पाय पाण्यात गेला तसं बाईंच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. त्यांनी खाली बघितलं. मुलीच्या केसांतला भांग वाकडा होता, मानेवर शाईचा एक डाग होता. ती जीभ दातांत धरून करंगळीपासून सुरुवात करत होती. घाईनं नाही, फार हळूही नाही. आपले हात कुठे आहेत याकडे बाईंचं लक्ष गेलं. ते हवेतच होते, काहीतरी धरायला निघालेले. मांडीवर ठेवून बघितले, तर देवळातल्या मूर्तीसारखं वाटलं. घडी घातली, तर साहेबीण वाटली. मुलीच्या डोक्यावर ठेवणं तर शक्यच नव्हतं. इतकी वर्षं इतक्या घरांत त्यांनी पोरं पाठवली, प्रत्येकाला काय करायचं ते सांगितलं, काय बघायचं ते सांगितलं, पण ज्याचं काम होत असतं तो माणूस तेवढा वेळ आपल्या हातांचं काय करतो, हे त्यांना माहीतच नव्हतं. बाई डोळे बारीक करून विचार करू लागल्या. नेलकटरचा टक्कन आवाज झाला. मुलीनं वर न बघता टॉवेल त्यांच्या दिशेनं केला.

"हे जरा धरा," ती म्हणाली.

बाईंनी दोन्ही हातांनी तो धरला.